पहिल्या आठवड्यातली मोजणी : रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या मुलाचं प्रकरण

मुलाला शौचाला उकिडवं बसता येत नव्हतं. आईने ही गोष्ट सगळ्यात शेवटी सांगितली, तीही मी विचारल्यावर. ताप, फिकटपणा, पायांवरचे लाल-जांभळे ठिपके, मानेतल्या गाठी हे सगळं तिने डॉक्टरांना नीट सांगितलं होतं. उकिडवं बसता न येणं हे आजाराचं लक्षण असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. "दोन महिने झाले, भिंतीले धरूनच उठते," ती म्हणाली. "आमाले वाटलं, अशक्तपणा हाय."

मी नागपुरात लहान मुलांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. ही एका मुलाची सतरा आठवड्यांची नोंद आहे. पालकांची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. लिहिण्याचं कारण एकच. कर्करोग झालेल्या मुलांची ताकद किमोमुळे जाते असं आपण धरून चालतो, आणि उपचार संपले की भरून काढू म्हणतो. पण निदान होतं त्या दिवशीच ती बरीच गेलेली असते. तेव्हा मोजली नाही, तर पुढे किती गेली, कशाने गेली आणि काय परत आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

आधीचे तीन महिने

वय सात, दुसरी पास. काटोलकडचं गाव, वडील संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला. फेब्रुवारीत मुलगा लंगडायला लागला. आधी डावा पाय दुखायचा, मग उजवा, मग दोन्ही, आणि रात्री जास्त. गावाकडे एकदा 'वाढीचं दुखणं' म्हणून गोळ्या मिळाल्या, एकदा संधिवाताची शंका निघाली. यात मी कुणाला दोष देणार नाही. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात अनेकदा अशीच हाडांच्या दुखण्याने होते. हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेत रोगट पेशींची गर्दी होते आणि आतून दाब येतो, म्हणून हाड दुखतं. मार्चमध्ये तो खेळायला जाईनासा झाला. एप्रिलमध्ये शाळेत आई कडेवर घेऊन जायची. शेवटी ताप हटेना म्हणून रक्त तपासलं आणि काटोलहून साठेक किलोमीटरवर नागपूरला पाठवलं. मज्जेच्या तपासणीत अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग निघाला. लहान मुलांच्या कर्करोगांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार सुरू झाले. आई आणि आजीने रुग्णालयाजवळ एक खोली भाड्याने घेतली. वडील काम सोडू शकत नव्हते, ते रविवारी एसटीने यायचे.

म्हणजे माझ्याकडे येण्याआधी तीन महिने या मुलाची हालचाल कमी कमी होत गेली होती. त्यात रक्त कमी, भूक नाही, आणि रोगामुळे अंगात सतत ताप. किमोचा एक थेंबही अंगात गेला नव्हता तेव्हाच त्याच्या मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या.

हे फक्त या मुलाचं नव्हे. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात आणि डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला नव्याने निदान झालेल्या मुलांची सुरुवातीलाच मोजणी झाली आहे. दोन्हीकडे ही मुलं ताकदीत आणि दमात निरोगी मुलांच्या मागे असल्याचं दिसलं. परदेशात हे लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडे ते आईच्या तोंडच्या 'भिंतीले धरून उठते' या वाक्यात असतं आणि फाईलमध्ये येतच नाही.

काय मोजलं, कसं मोजलं

भरती झाल्या दिवशी हिमोग्लोबिन ७.१ आणि प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, १९ हजार होत्या. त्या दिवशी मी फक्त बोलले आणि बघितलं. पहिले दोन-तीन दिवस रोगट पेशी झपाट्याने फुटतात, त्यांचा कचरा किडनीवर येऊ नये म्हणून सलाईन जोरात चालू असतं. त्या काळात मुलाला दमवायचं नसतं. छातीचा एक्स-रेही बघून घेतला. काही मुलांच्या छातीत मोठी गाठ असते आणि आडवं झालं की श्वास कोंडतो. याच्या छातीत तसं काही नव्हतं. पाठ दुखते म्हणाला, म्हणून डॉक्टरांना सांगून मणक्याचाही एक्स-रे काढून घेतला. कॅनडातल्या एका अभ्यासात या आजाराच्या सुमारे १६ टक्के मुलांच्या मणक्यांत निदानाच्या वेळीच दबलेली हाडं सापडली होती, आणि त्यातली कितीतरी मुलं पाठदुखीबद्दल काहीच बोलली नव्हती. हाड दबलेलं असताना वाकण्याचे व्यायाम देणं म्हणजे इजा करणं. याचे मणके ठीक होते.

मणक्यातून किमोचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी प्लेटलेट चढवल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ५४ हजार भरल्या, रक्त दिल्याने हिमोग्लोबिन ९ वर आलं, ताप उतरला होता आणि डोकं दुखत नव्हतं. तोच दिवस मी मोजणीला निवडला. साधारण नियम असा की प्लेटलेट ५० हजारांच्या वर असतील तर जोर लावायला हरकत नाही. २० ते ५० हजारांत चालणं आणि हलके खेळ चालतात. त्याखाली अंथरुणातल्या, बसल्या बसल्या करायच्या हालचाली. हे आकडे प्रत्येक रुग्णालयात थोडे वेगळे असतात, त्यामुळे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी मुलाला हात लावत नाही.

सहा मिनिटं चालायच्या चाचणीला खरं तर तीस मीटरची सरळ जागा लागते. आमच्या वॉर्डाबाहेर वीस मीटरच मिळतात. वळणं वाढली की अंतर कमी भरतं, म्हणून आमचे आकडे पुस्तकातल्या तक्त्यांशी जुळवायचे नाहीत, त्याच मुलाच्या आधीच्या आकड्यांशी जुळवायचे. मुलगा २८० मीटर चालला आणि मधे दोनदा थांबला. उजव्या हाताची पकड ६ किलो भरली. गुडघा सरळ ठेवून घोट्यातून पाऊल वर किती येतं ते कोनमापकाने पाहिलं, दोन्हीकडे १० अंश.

चौथी चाचणी माझी स्वतःची, आपल्या घरांसाठी केलेली. परदेशी चाचण्या खुर्चीवरून उठणं मोजतात. आपलं मूल जमिनीवर बसून जेवतं, जमिनीवर खेळतं, जमिनीवर झोपतं आणि उकिडवं बसून शौचाला जातं. म्हणून मी मांडी घालून बसवते, 'उठ' म्हणते आणि घड्याळ लावते. हा आधी दोन्ही हात जमिनीवर टेकून ओणवा झाला. मग एक हात गुडघ्यावर, मग मांडीवर, स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहिला. ५.२ सेकंद लागले. या उठण्याला गॉवर्सचं लक्षण म्हणतात. स्नायूंच्या जन्मजात आजारात ते शिकवलं जातं, पण नितंब आणि मांड्या दुबळ्या झालेलं कुठलंही मूल असंच उठतं.

आजीशी वाद

आजी हे सगळं बघत होती. तिच्या दृष्टीने मी दुष्टावा करत होते. "पोट्टं आधीच थकून हाय," ती म्हणाली, "तुमी त्याले अजून कायले चालवून राहिल्या बाई? आराम करू द्या न त्याले."

हा प्रश्न मला प्रत्येक घरातून येतो आणि तो मायेतून येतो. आजारी मूल म्हणजे अंथरूण, उशी, कुणीतरी पाय चेपणारं, कुणीतरी भरवणारं. तापात ते बरोबरच आहे. पण हा उपचार दोन-अडीच वर्षांचा. मी आजींना औषधांची नावं सांगितली नाहीत. दोनच गोष्टी सांगितल्या. आता महिनाभर याला स्टिरॉइड मिळणार, त्याने भूक वाढेल, गाल फुगतील, तुम्हाला वाटेल पोराने अंग धरलं, पण ते औषध मांडीचा स्नायू आतून झिजवतं. दुसरं, दर आठवड्याला शिरेतून विन्क्रिस्टिन नावाचं एक इंजेक्शन लागणार, ते पायाच्या नसांना सुस्त करतं आणि पाऊल लोंबायला लागतं. दोन्ही औषधं सोडता येत नाहीत, कारण जीव तीच वाचवतात. हालचाल मात्र आपल्या हातात आहे.

आजींना ते पटलं नाही. पटलं ते दुसऱ्याच कारणाने. मी विचारलं, "आजी, तुम्ही याला उचलून शौचाला नेता, तेव्हा त्याला कसं वाटतं?" त्या गप्प झाल्या. मुलगाच म्हणाला, "मले लाज वाटते." सात वर्षांचं मूल. तिथे वाद संपला.

रोजचं वेळापत्रक

दिवसातून दोनदा, बारा ते पंधरा मिनिटं. एवढंच. सकाळी सातच्या आत, कारण मे महिन्यात नागपुरात नऊ वाजताच खोलीचं भट्टीत रूपांतर होतं, आणि संध्याकाळी जेवणाआधी. कूलरबद्दल एक सूचना मी सगळ्यांनाच देते: टाकी रोज रिकामी करून घासा आणि गवताच्या ताट्या जुन्या ठेवू नका. ओल्या ताट्यांवर बुरशी धरते आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला ती महागात पडते.

मुख्य व्यायाम उठ-बस. आधी खुर्चीवरून, मग बुटक्या स्टुलावरून, मग दोन पाट एकावर एक ठेवून, मग एकच पाट, मग जमीन. पाटांची कल्पना आईची. पाच वेळा सहज जमलं की एक पायरी खाली. दुसरा व्यायाम पोटरी ताणायचा: पाय सरळ करून बसायचं, पंजाला आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी अडकवायची आणि तीस आकडे म्हणेपर्यंत ओढून धरायची. तिसरा टाचांवर चालणं. हाताच्या पकडीसाठी कणकेचा गोळा, हात धुऊन, आजीच्या शेजारी बसून. हा व्यायाम त्याने एक दिवसही चुकवला नाही, कारण शेवटी त्याची लहानशी पोळी भाजली जायची आणि स्टिरॉइडची भूक तर होतीच. त्या भुकेत तो सकाळ-संध्याकाळ तर्री पोहे मागायचा. बाहेरचं खाणं बंद असल्याने आजी घरीच तर्री करून द्यायची, तिखट अगदी कमी घालून, आणि तो 'ही खरी नाही' म्हणून रुसायचा.

कोपनहेगनच्या कामातली एक गोष्ट मी इथे वापरली. तिथे आजारी मुलाच्या वर्गातली दोन मुलं निवडतात, ती रुग्णालयात येऊन त्याच्याबरोबर खेळतात, व्यायाम करतात. काटोलकडून मुलं रोज येणं शक्य नव्हतं, शिवाय संसर्गाची भीती. म्हणून गावच्या मित्राला संध्याकाळी व्हिडिओ कॉल. दोघं फोनसमोर उठ-बसची शर्यत लावायचे. मित्र जिंकायचा आणि याला त्याचा राग यायचा. दोन महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा राग पाहिला, आणि मला फार बरं वाटलं.

माझी चूक

तिसऱ्या आठवड्यात आजी म्हणाली, "याची चप्पल फटफट वाजते आजकाल." मी चप्पल बघितली, ती सैल होती. पट्टा आवळायला सांगितलं आणि विषय सोडला. माझं सगळं लक्ष मांड्यांवर होतं. सहा दिवसांनी तो अनवाणी चालत आला तेव्हा फरशीवर तोच आवाज आला. पाऊल टाचेवर टेकत नव्हतं, सपाट आपटत होतं. कोन मोजला: उजवीकडे शून्य अंश, डावीकडे दोन. त्या आठवड्यात बद्धकोष्ठ होतं आणि जबडाही दुखत होता. ही सगळी विन्क्रिस्टिनचीच लक्षणं होती. आजीच्या कानाने मला सहा दिवस आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. आता दर आठवड्याच्या इंजेक्शनआधी मी प्रत्येक मुलाला अनवाणी चालवते आणि डोळे मिटून आवाज ऐकते.

डॉक्टरांना त्याच दिवशी कळवलं. बुरशीची काही औषधं विन्क्रिस्टिनचा त्रास वाढवतात, तसं काही सुरू आहे का ते त्यांनी तपासलं. नव्हतं. डोस तोच ठेवायचा त्यांचा निर्णय झाला. मी रात्रीसाठी पाऊल काटकोनात धरणारे स्प्लिंट करून घेतले. उकाड्यात आतून घामोळं यायचं, म्हणून आत पातळ सुती मोजा, आणि दोन तासांनी एकदा सोडून कातडी बघायची हे काम आईचं. पोटरीचा ताण दिवसातून दोनदाचा चारदा केला.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी पहिला टप्पा संपला. मज्जेत रोग दिसत नव्हता. घरात पेढे वाटले. त्याच दिवशीची माझी मोजणी: वजन १९ वरून २१.५ किलोवर, पण मांडीचा घेर दोन सेंटिमीटरने कमी. जमिनीवरून उठायला ९ सेकंद, तेही आईचा हात धरून. सहा मिनिटांत २४५ मीटर. पकड मात्र ६ किलोच, कमी झाली नव्हती. आईने आकडे बघितले आणि विचारलं, "म्हणजे आपली मेहनत वाया गेली का ताई?" मी तिला सुरुवातीचा कागद दाखवला. तो नसता तर मीही हो म्हटलं असतं. सुरुवातीच्या मोजणीतच हा २८० वर होता, आणि महिन्याभराच्या स्टिरॉइडनंतर ३५ मीटर खाली आला. घसरण झाली हे खरं. पण स्टिरॉइडच्या महिन्यानंतर खाटेवरून स्वतः उतरू न शकणारी मुलं मी पाहिली आहेत. हा स्वतः उतरत होता.

सातव्या आठवड्यात ताप आला. पांढऱ्या पेशी खूप खाली, नऊ दिवस भरती, शिरेतून अँटिबायोटिक. सगळं बंद. मी रोज पाच मिनिटं जायचे, खाटेवरच घोटे फिरवणं, खोल श्वास, एवढंच. बरा होऊन खोलीवर परतला तेव्हा एका पाटावरून पुन्हा खुर्चीवर यावं लागलं. आजी काही बोलली नाही. तिनेच पाट मांडले.

तान्हा पोळा

जुलैत मी त्याला विचारलं होतं, तुला कशासाठी चालायचं आहे? मुलाकडे स्वतःचं कारण नसेल तर उठ-बस ही फक्त मोठ्यांची कटकट असते. तो लगेच म्हणाला, "तान्ह्या पोळ्याले बैल न्याचा हाय." नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागायचा. गेल्या वर्षी त्याने गावात नेला होता.

त्यानंतर व्यायाम आपोआप जमून आला. वडिलांनी गावाकडचा बैल आणला, चाकांना तेल घातलं. आधी रिकामा बैल खोलीतल्या खोलीत. मग बैलाच्या पाटाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधून गॅलरीत. मग जिन्याच्या चार पायऱ्या, बैल काखेत धरून. बैल ओढताना पाऊल टाचेवर टेकलं नाही की तो अडखळायचा, त्यामुळे 'टाच आधी' हे मला सांगावंच लागलं नाही. वडील रविवारी यायचे तेव्हा त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेत.

पोळ्याच्या चार दिवस आधी रक्त तपासलं. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, १,४००, प्लेटलेट एक लाखाच्या वर. डॉक्टरांनी परवानगी दिली: मास्क, गर्दीत नाही, कुणाकडचं खायचं नाही, अर्धा तास. खोलीच्या गल्लीतल्या सहा घरांना आईने आधी सांगून ठेवलं. माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. तीन घरांनंतर तो एका ओट्यावर बसला, पाणी प्यायला, पुन्हा निघाला. पाचव्या घरी दहाचं नाणं हातातून पडलं. तो उकिडवा बसला, नाणं उचललं आणि एक हात गुडघ्यावर ठेवून उठला. आजीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

सतराव्या आठवड्याची मोजणी, पोळ्यानंतरच्या शनिवारी: सहा मिनिटांत ३९५ मीटर, न थांबता. जमिनीवरून उठायला ३.६ सेकंद, एका हाताचा आधार अजून लागतो. पकड ८ किलो. घोटा उजवीकडे ६ अंश, डावीकडे ८. टाचांवर दहा पावलं चालतो, उजवा पंजा शेवटच्या तीन पावलांत खाली येतो, त्यामुळे रात्रीचे स्प्लिंट सुरूच.

शनिवारीच मोजलं, कारण सोमवारपासून उपचारांचा पुढचा जोरकस टप्पा सुरू होतो. त्यात पुन्हा स्टिरॉइड, यावेळी डेक्सामेथासोन, आणि पुन्हा विन्क्रिस्टिन. आकडे खाली येणार हे आईला, वडिलांना आणि त्यालाही सांगून ठेवलं आहे. त्याने विचारलं, "पुना खुर्चीपासून?" मी म्हटलं, कदाचित. आजीने दोन्ही पाट धुऊन खिडकीशी उभे करून ठेवले आहेत.